ढेपेचा टोस्ट

आमच्या मधुमेह मंडळातल्या तरुण मंडळींनी माझ्याकडे टोस्टची कृती मागितली, त्याला बरीच वर्षं झाली. पाव नसलेला, धान्य नसलेला, पटकन होणारा चीज टोस्ट. मी दर वेळी टाळलं. कधी डोळ्यांचं निमित्त सांगितलं, कधी म्हटलं की ती कृती माझ्या बायकोची होती आणि ती आता नाही. खरं कारण वेगळं होतं. ती कृती लिहायची तर माझ्या थोरल्या बहिणीबद्दल लिहावं लागतं. आणि आक्काबद्दल आमच्या घराण्यात जी गोष्ट सांगितली जाते ती खोटी आहे. ती मीच पसरवली होती.

गोष्ट अशी, की विनूवकिलाला, म्हणजे मला, साखरेचा आजार झाला तेव्हा माझ्या विधवा बहिणीनं माझ्या पथ्याच्या अन्नात चोरून पीठ कालवलं आणि माझ्या पायाचं बोट घालवलं. लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट अजून वाढली जाते. मागच्या वर्षी माझ्या समोर एका पोरीनं नवऱ्याला सांगितली. माझा चुलतभाऊ बापू ती सर्वांत रंगवून सांगायचा. तो गेला, पण त्याची मुलं सांगतात. त्या सगळ्यांनी पुढचं वाचावं आणि निदान एक दिवस त्यांना जेवण गोड लागू नये, अशी माझी इच्छा आहे. मी म्हातारा आहे, पण मवाळ झालेलो नाही.

*

पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं. मी अकोल्याच्या कोर्टात वकिली करत होतो, वय पस्तिशीच्या आत. त्या उन्हाळ्यात बाररूममधली सुरई मी एकटा संपवू लागलो. सगळे म्हणत, अकोल्याचं ऊन आहे, तहान लागणारच. मग काळा कोट खांद्यावरून लोंबायला लागला. एका पक्षकारानं तर तोंडावर विचारलं, "वकीलसाब, कोट मोठ्या भावाचा घालून आले का?"

अमरावतीच्या एका जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, माझ्या लघवीचे थोडे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि पाहता पाहता तळाशी विटेसारखा लाल गाळ बसला. पुढे आयुष्यभर तो रंग मी पाहत आलो, पण त्या दिवशी मला तो एखाद्या निकालासारखा वाटला. ज्यावर अपील नाही असा.

डॉक्टरांनी इंग्रजीत पुष्कळ सांगितलं. साखर, गूळ, पोळी, भाकरी, भात, पाव, बटाटा, कंद, सगळ्या तऱ्हेची पिठं बंद. शेंगदाणे, दूध, दही, पालेभाज्या चालतील. अंडं खात असाल तर उत्तम. रोज सकाळी इन्शुलिनची सुई, आणि सुई टोचल्यावर लगेच काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, उशीर चालणार नाही. घरीही रोज अशीच नळी तापवून पाहायची: निळी राहिली तर साखर नाही, लाल झाली तर फार.

परतीच्या गाडीत बडनेऱ्याला थांबलो. तिथल्या रिफ्रेशमेंट रूममध्ये मी कॉलेजच्या दिवसांपासून चीज टोस्ट खायचो. डब्यातलं विलायती चीज, त्यावर मिरी, कडा करपलेल्या. आमच्या घरी पाव कधी उंबऱ्याच्या आत आला नाही, म्हणून तो खाताना मला आपण कोणीतरी झालो असं वाटायचं. त्या दिवशी मी दारात उभा राहून नुसता वास घेतला. जिलबी सुटली, आंब्याचा रस सुटला, त्याचं मला काही वाटलं नाही. त्या टोस्टसाठी मात्र डोळ्यांत पाणी आलं. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं.

घरी आक्का दारातच उभी होती. ती माझ्याहून खूप मोठी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि नांदगाव खंडेश्वरहून माहेरी परत आली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. घराचं स्वयंपाकघर तिचं होतं.

"काय मनला डाक्टर?"

डॉक्टरांनी जे तासभर सांगितलं ते मी तिला चार शब्दांत सांगितलं. "गोड बंद, धान्य बंद." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो.

वकिलाचं काम म्हणजे पक्षकाराला नीट समजावून सांगणं. घरच्या पक्षकाराला मी एवढंच सांगितलं, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

*

पहिले महिने वाईट गेले. इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायची. काचेची पिचकारी आणि सुई पातेल्यात उकळायची. माझी बायको सुशीला अमरावतीची, मॅट्रिक झालेली. सुई टोचायला ती शिकली. पहिल्यांदा टोचली आणि मोरीवर जाऊन ती रडली. लोक भेटायला यायचे. कोणी कारल्याचा रस सांगे, कोणी मेथ्या, कोणी म्हणे जांभळाच्या बियांची पूड. बापू यायचा आणि म्हणायचा, "विनू, तुझ्यासमोर बुंदी खाल्लेली चालते ना? का पाहूनच साखर वाढते?" मी त्याचं नाव मनात लिहून ठेवलं. त्या काळात मी अशी बरीच नावं लिहून ठेवत होतो. आजारी माणसाला वेळ पुष्कळ असतो, आणि माझा सगळा वेळ कुणाकुणाला काय काय ऐकवायचं यात जायचा.

सकाळी सुईनंतर काय खायचं हा प्रश्न होता. पालेभाजी सकाळी घशाखाली उतरत नव्हती. एकदा मी चिडून म्हणालो, "मला ढोरासारखा पाला घालू नका. मला टोस्ट पाहिजे."

सुशीला म्हणाली, "पाहिजे ना? देते."

तिनं तेलघाणीवरून शेंगदाण्याची ताजी ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरलेली पेंड, आणवली. आक्का पाहतच राहिली.

"अवं, ढेप गाईले घालतात. नवऱ्याले ढेप चारून राहिली का तू?"

"डॉक्टर शेंगदाणा चालतो म्हणाले, आक्का. तेल काढलं तर पिठासारखा कुटता येतो."

"आता मंग दावणीलेच बांध त्याले."

आम्ही तिघंही हसलो. त्या घरात कित्येक दिवसांनी हसू आलं होतं.

कृती अशी. ढेप खलबत्त्यात कुटून चाळून घ्यायची. त्यात दह्याचा घट्ट चक्का, मीठ, जिरं. ओल्या हातानं तळव्याएवढी, बोटभर जाड वडी थापायची आणि लोणी लावलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची. आदल्या संध्याकाळी दुधात लिंबू पिळून ते फाडायचं, फडक्यात बांधून वर पाटा ठेवायचा. सकाळपर्यंत घट्ट गोळा होतो. त्याला मीठ लावून किसायचं आणि वडीवर पसरायचं. मिरी, हिरवी मिरची. वर झाकण, आणि झाकणावर निखारे. खालून तवा, वरून निखारे, म्हणजे वरचा थर सोनेरी होतो आणि कडा करपतात. चीज नव्हे ते, पण सुशीला बिनदिक्कत चीज म्हणायची. तयारी आदल्या दिवशीची असल्यामुळे सुई उकळलेलं पाणी कोमट व्हायच्या आत टोस्ट ताटलीत यायचा.

एक खोड होती. तो टिकत नव्हता. ढेपेला चिकटपणा नाही. उचलला की भुगा व्हायचा, वरचं चीज वेगळं, खालची वडी वेगळी. अंडं घातलं असतं तर धरला असता, पण अंडं त्या घरात शक्य नव्हतं. मी चमच्यानं भुगा खायचो आणि कुरकुरायचो, "टोस्ट हातात धरून खायचा असतो."

दूध फाडण्यावरून मात्र खटका उडाला. भरल्या घरात दूध मुद्दाम नासवायचं नाही, हा आक्काचा नियम. ते आपोआप नासलं तरी ती हळहळायची. सुशीला ओसरीवर वेगळ्या स्टोव्हवर दूध फाडायची, तरी आक्का एकदा बोललीच. "नासवलेल्या दुधानं कोनाचं भलं झालं नाही. याचंबी होनार नाही."

मी ते ऐकलं. आणि ठेवून दिलं.

*

पावसाळ्यात एक दिवस टोस्ट तुटला नाही.

मी तो हातात उचलला, तो तसाच राहिला. दातांनी तोडला तर तुकडा पडला, भुगा नाही. मी सुशीलाला हाक मारली. "आज जमलं!" तिला आश्चर्य वाटलं, पण म्हणाली, ढेप आज चांगली आली असेल. आक्का चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती म्हणाली, "जमन नाही तं काय? रोजचंच काम आहे." त्या सकाळी मी बडनेऱ्याच्या स्टेशनावर बसल्यासारखा टोस्ट खाल्ला. दोन खाल्ले.

मग तो रोजच न तुटता येऊ लागला, आणि नळी लाल होऊ लागली.

आधी हिरवट यायची, कधीमधी निळीसुद्धा. आता पिवळी, मग केशरी, मग तोच विटकरी गाळ. डॉक्टरांनी इन्शुलिन वाढवलं. मला दम भरला, "तुम्ही चोरून खाता." मी शपथ घेतली. ते हसले. ते हसू मला झोंबलं. घरी येऊन मी सुशीलावर ओरडलो, कोर्टात कारकुनावर ओरडलो. मी काहीच चोरून खात नव्हतो. कुणीतरी मला फसवत होतं, आणि ते कोण हे शोधून काढायचं मी ठरवलं होतं.

हिवाळ्यात नव्या जोड्यानं डाव्या पायाच्या बोटाला फोड आला. दुखला नाही म्हणून मी पाहिलं नाही. सुशीलाला वास आला.

*

अमरावतीच्या रुग्णालयात मी बरेच आठवडे होतो. पेनिसिलिनची सुई, पायाची पट्टी, पहाटे नळ्यांची रांग. प्रत्येक खाटेखाली एक बाटली, आणि परिचारिका एकेक नळी दिव्यावर धरून रंग सांगायची. वॉर्डात आम्ही रंगांनीच एकमेकांना ओळखायचो. "आज निळं का?" "नाही बाप्पा, पिवळं." निळं आलेल्या माणसाला बाकीचे चहा पाजायला लावत, बिनसाखरेचा. परिचारिका तोंडानं फटकळ होती, पण पट्टी सोडवताना माझ्याशी मुद्दाम कोर्टातल्या गोष्टी काढायची, म्हणजे माझी नजर पायाकडे जाणार नाही. तिचे उपकार मी विसरलो नाही.

तिथल्या अन्नावर नळी निळी येऊ लागली. ताक, पालेभाजी, शेंगदाणे. पण बोट वाचलं नाही. अंगठ्याशेजारचं बोट काढलं. भूल उतरल्यावर मी पहिला विचार केला तो हा, की इथे निळं येतं आणि घरी लाल. म्हणजे घरात कुणीतरी आहे.

त्यानंतर मला भीती वाटेनाशी झाली. इतरांना हे सांगतो, कारण आजाऱ्याला कुणी हे सांगत नाही: संताप हे फार चांगलं वेदनाशामक असतं. मला जखम जाणवत नव्हती. मी दिवसभर खाटेवर पडून खटला तयार करत होतो. बापू भेटायला आला की त्याला एकेक मुद्दा सांगायचो, आणि तो माना डोलवायचा. "बाई मानसाचा भरवसा नाही, विनू. शाप देलता ना तिनं?"

*

घरी आलो त्याच आठवड्यात मी सुशीलाला न सांगता फळीवरचे डबे उघडून पाहिले. आक्काच्या सोवळ्याच्या डब्यांमध्ये शिंगाड्याच्या पिठाचा डबा होता, अर्ध्याच्या खाली आलेला. एकादशी तर अजून दूर होती.

रविवारी सकाळी मी ओसरीवर खाट टाकायला लावली. बापूला बोलावून घेतलं. सुशीला दारात. आक्काला समोर बसवलं आणि मध्ये तो डबा ठेवला.

मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो त्यांनी मला उलटतपासणीचा एक नियम शिकवला होता. साक्षीदाराला 'का' असं कधी विचारायचं नाही. 'का' विचारलं की तो बोलायला लागतो, आणि तो बोलायला लागला की खटला आपल्या हातातून जातो. हो किंवा नाही, एवढंच घ्यायचं.

"हे काय आहे?"

"शिंगाड्याचं पीठ. तुले दिसत नाही का?"

"हे माझ्या टोस्टमध्ये घालत होतीस?"

"घालत होती."

"सुशीलाला ठाऊक होतं?"

"नाही. ते आंघोळीले गेली का—"

"हो की नाही?"

"नव्हतं ठाऊक."

"म्हणजे लपवून."

ती म्हणाली, "तसंच मन."

"दूध नासवलं तेव्हा माझं भलं होणार नाही असं म्हणाली होतीस?"

"मनली होती. पन ते तं मी—"

"म्हणाली होतीस."

"हो."

"बस. झालं."

ती उठायला लागली, परत बसली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "अरे विनू, मी ते काहून घातलं, हे तं विचार."

"विचारलं तेवढंच सांगायचं."

बापू हसला. माझ्या विनोदावर हसला असं मला तेव्हा वाटलं, आणि मला बरं वाटलं.

मग मी शिक्षा सांगितली. तू घरात राहा, मी कुणाला रस्त्यावर काढत नाही. पण चुलीला हात लावायचा नाही. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. तुला ताट बाहेर मिळेल.

ज्यांना ते दिवस माहीत नाहीत त्यांना यातली मेख कळणार नाही, म्हणून उघड करून सांगतो. आक्का विधवा झाल्यापासून सोवळ्यात स्वतःच्या हातानं शिजवलेलंच खायची. दुसऱ्याच्या हातचं, मग ते सख्ख्या भावजयीचं का असेना, तिनं कधी खाल्लं नव्हतं. तिला चूल बंद करणं म्हणजे तिचं जेवण बंद करणं होतं. हे मला ठाऊक होतं. रागाच्या भरात सुचलेलं ते नव्हतं. रुग्णालयात पडल्या पडल्या मी ते शोधून काढलं होतं. घराबाहेर काढलं असतं तर लोकांनी मला नावं ठेवली असती. हे असं केलं तर ती आपल्या पायानं जाईल आणि मी तिला ठेवून घेतलं होतं असं म्हणता येईल.

काही दिवस ती केळी आणि कच्चं दूध यांवर राहिली. सुशीला माझ्याशी भांडली. "एकदा विचारा तिला. एकदाच. मला तिनं सांगितलंय—"

"तिचं नाव या घरात काढायचं नाही," मी म्हणालो.

मग एका सकाळी आक्कानं आपलं लुगडं, जपाची माळ आणि तांब्या एका पिशवीत घातला आणि म्हणाली, "मले नांदगावले पोचवून दे. तिथं दिराच्या पडवीत चूल मांडीन." मी पक्षकाराचा माणूस सोबत दिला. मी स्वतः गेलो नाही. माझा पाय होता ना.

ती गेली आणि नळी निळी आली. मी ती नळी उजेडात धरून पाहत बसलो. खोटं सांगत नाही, त्या दिवसाइतका आनंद मला बोट जाण्याआधी किंवा नंतर कधी झाला नाही. टोस्ट पुन्हा तुटू लागला होता. मी तो भुगा चमच्यानं खाल्ला आणि तो मला गोड लागला.

*

साठच्या दशकात एकदा पायाची जखम पुन्हा उघडली आणि मी त्याच रुग्णालयात गेलो. शेजारच्या खाटेवर मूर्तिजापूरकडचा एक तरुण शेतकरी होता, तोच आजार. त्याची आई रोज घरून डबा आणायची. त्याची नळी रोज लाल. एक दिवस परिचारिकेनं डबा उघडला. आत भगर, शिंगाड्याची थालीपिठं, साबुदाणा.

"बाई, मारता का पोराला? धान्य द्यायचं नाही सांगितलं ना?"

ती म्हातारी खरंच गोंधळली. "याच्यात धान्य कुठं हाये वं बाई? हे तं समदं उपासाचं हाये. धान्याचा दाना नाही घातला मी. पोरापायी मी सोता धान्य सोडलं हाये, त्याले उतार पडेपर्यंत."

परिचारिका तिला समजावत राहिली. मी छताकडे पाहत पडलो होतो.

माझ्या टोस्टमध्ये काय असायचं? शेंगदाणा, दूध, दही, जिरं. एकूण एक उपासाला चालणारं. मी आक्काला सांगितलं होतं, धान्य बंद. जन्मभर एकादश्या केलेल्या बाईला धान्य बंद म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. आणि उपासाचं थालीपीठ तुटायला लागलं की त्यात शिंगाड्याचं पीठ घालतात, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला कळतं. ती रोज ऐकत होती, टोस्ट हातात धरून खायचा असतो. मला तो हातात धरून खाता यावा म्हणून तिनं ते घातलं. आणि बोलली नाही, कारण सुशीलाचा टोस्ट जमला याचं सुख सुशीलालाच मिळावं.

घरी आल्यावर मी सुशीलाला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्याच दिवशी सांगितलं होतं तिनं मला. चातुर्मासभर तिनं स्वतः धान्य सोडलं होतं तुमच्यासाठी. तुम्हाला दिसलं नाही? तुम्ही म्हणालात, नाव काढायचं नाही. नाही काढलं मग."

एवढी वर्षं ती माझ्यासमोर टोस्टची ताटली ठेवत होती आणि हे तिच्या पोटात होतं. सूड घ्यायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तिची मला नंतर कळली.

*

मी नांदगावला गेलो. एस.टी.त बसून वाक्यं तयार केली, जशी युक्तिवादाची करतो तशी.

दिराच्या पडवीत एक कोपरा, तीन विटांची चूल. आक्का वाळली होती, एका डोळ्यानं कमी दिसत होतं. मला पाहून तिनं आधी पायाकडे पाहिलं.

"दुसरं बोट हाय ना जागेवर?"

"आहे."

"नळी कोन्त्या रंगाची येते रे?"

"निळी. बहुतेक."

"बरं झालं बाप्पा." ती उठली. "बस. खाऊन जाय."

मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही. तिच्याकडे ढेप होती. चक्का होता. थापताना ती म्हणाली, "घाबरू नको, आता नाही घालत त्याच्यात काही. सुशीलानं निरोप धाडला होता तव्हाच, का पीठ कोन्तंबी चालत नाही मून." दूध तिनं फाडलेलं नव्हतं. घरचं थोडं लोणी वर ठेवलं. झाकण, झाकणावर निखारे. वडी ताटलीत काढताना तुटली. तिनं सगळा भुगा वाटीत भरून चमचा दिला.

"तुटतेच मेली. काय करते."

मी खाऊ लागलो. वाक्यं माझ्या तोंडात होती, पण तोंडात तिचं अन्नही होतं, आणि मी एकामागून एक चमचे भरत गेलो, कारण वाटी संपली की बोलावं लागणार होतं. वाटी संपली. ती म्हणाली, "अजून देऊ?" मी म्हणालो, "दे." मग गाडीची वेळ झाली. पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुई चुकवत नको जाऊ." मी म्हणालो, पुढच्या वेळी सुशीलाला घेऊन येतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्या दिराचा माणूस आक्का गेल्याचा निरोप घेऊन कोर्टात आला. मी एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होतो. निरोप कानात ऐकला आणि उलटतपासणी पुरी केली. त्या साक्षीदाराला मी एकदाही 'का' विचारलं नाही. खटला जिंकलो.

बापूला खरं सांगायचं मी टाळलं, कारण त्यानं मला विचारलं असतं की मग तू तिला तेव्हा बोलू का दिलं नाहीस. तो ती गोष्ट मरेपर्यंत सांगत राहिला, आणि मी पंगतीत बसून ऐकत राहिलो. ज्या माणसाचा सूड मला आज घ्यायचा आहे तो त्या पंगतीत मान खाली घालून जेवत होता. आता त्याचं नाव तुम्हाला कळलं.

टोस्टची कृती वर दिली आहे. ढेप ताजी घ्या. अंडं खात असाल तर खुशाल घाला, धरतो चांगला. नसाल खात तर तुटू द्या, चमच्यानं खा. आणि घरी चूल जिच्या हाती असेल तिला डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगा, चार शब्दांत नको.

एस.टी.त तयार केलेली ती वाक्यं मी केव्हाच विसरलो. ती फार चांगली होती, निकालपत्रासारखी. आज ती पडवीत समोर बसलेली असती तर त्यातलं एकही मी बोललो नसतो. वाटी बाजूला ठेवली असती, आणि त्या रविवारी जे विचारायचं मी नाकारलं तेवढंच विचारलं असतं. आक्का, शिंगाड्याचं पीठ काहून घातलं होतं? सावकाश सांग. मी मध्ये बोलणार नाही.